बांगडीवरचा टोला

मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी बोलायचे ते दाराकडे न बघता. मी दाराआड उभी असायची. आमच्या घरी सून सासऱ्यांसमोर येत नसे, बोलतही नसे. जेवण वाढलं की मी बांगड्या वाजवायची. ते म्हणायचे, "आलो, सूनबाई." चहा हवा का, हेही बांगडीच विचारायची. मी मुळातच भित्री, त्यामुळे मला ते सोयीचं होतं.

त्यांचा जन्म भंडाऱ्यात हातमागावर गेला. कोणी घाई केली की म्हणायचे, "धोटा पोचू दे, मंग हात मार. नाही त सूत तुटते." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माग थांबला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे. दिवसभर ओसरीवर बसून मांडीवर बोटांनी ताल धरायचे.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. धाकटे दीर जवाहरनगरच्या कारखान्यात होते. त्यांनी मित्राकडून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला, फक्त रविवार संध्याकाळपर्यंत. बेसबॉल नावाचा. पडद्यावर एकजण चेंडू फेकतो, आपण बटण दाबलं की दुसरा दांडा फिरवतो. लवकर दाबलं तर चेंडू डावीकडे जातो, उशिरा दाबलं तर उजवीकडे. नेमकं दाबलं तर सरळ भिंतीपलीकडे.

"हा त गिल्ली-दांडूच आहे," मामाजी म्हणाले. "आन इकडे."

एकही टोला लागेना. भाऊजी हसले, "बाबा, माशा मारून राहिले का?"

"फेकणाऱ्याचा हात दिसते मले. चेंडू मधातच हरवते."

भाऊजींचं हसणं थांबलं. मामाजींनी मात्र बटण सोडलं नाही. "एक तरी भिंतीपल्याड गेला पायजे. मंग ने तुझा डब्बा."

रविवारी दुपारीही तेच. मी दाराआडून बघत होते. फेकणारा कधी जोरात फेकायचा, कधी चेंडू रेंगाळत यायचा, आणि मामाजी दोन्हीला एकाच अंदाजाने दांडा फिरवायचे. एक चेंडू असाच रेंगाळत आला आणि माझा हात आपोआप हलला. बांगड्या वाजल्या. मामाजींनी बटण दाबलं. टोला लागला, पण चेंडू उजवीकडे बाहेर गेला.

ते दाराकडे न बघताच म्हणाले, "सूनबाई, थोडं आधी वाजव. आवाज माझ्या बोटापर्यंत यायले वेळ लागते."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, समोरच येऊन बसा ना!"

"राहू दे. तिले जिथं बरं वाटते तिथंच राहू दे."

पुढचा चेंडू जोराचा होता, मी घाबरून वाजवलंच नाही. त्यानंतरच्याला फार आधी वाजवलं, चेंडू डावीकडे गेला. "सूत तुटलं," मामाजी म्हणाले, "गाठ मार, पुन्हा चालव." बाहेर खेळ परत न्यायला आलेल्या भाऊजींच्या मित्राची सायकल वाजली. पुढचा चेंडू जरा अलीकडे असतानाच मी बांगड्या हलवल्या.

टीव्हीतून बाजा वाजायला लागला. भाऊजी ओरडले, "गेला, बाबा, भिंतीपल्याड गेला!"

मामाजी हसत पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "पण मले तो जाताना दिसला नाही ना रे." आणि त्याच रात्री जेवताना त्यांनी ऑपरेशनला होकार दिला.

पट्टी सोडायच्या दिवशी घरचे पुरुष कामावर होते, म्हणून दवाखान्यात मीच त्यांच्याजवळ होते. तिथे लपायला दार नव्हतं. नर्सबाईंनी पट्टी काढली तरी ते डोळे मिटूनच बसले. "सूनबाई, उघडू का?"

मी बांगड्या वाजवल्या.

त्यांनी डोळे उघडले. चष्मा अजून यायचा होता, माझा चेहरा त्यांना नीट दिसला नसेलच. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"हिरव्या आहेत व्हय?"

"हो, मामाजी," मी म्हणाले.

मी त्यांच्याशी तोंडाने बोललेला तो पहिला शब्द. मामाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. बांगड्या मी अजून हिरव्याच भरते.