अमोनियाचा अलार्म आणि साधी वायर

"मॅडम, तुम्ही कशालाच हात लावू नका. वॉरंटी जाईल," अलार्म बसवणाऱ्या कंपनीचा सपोर्टवाला फोनवर पुन्हा तेच म्हणाला. मी वायरिंगची कामं करते; बंद पडलेला अलार्म बघायला पाचूबंदरच्या एका बर्फाच्या कारखान्यात, ओल्या लादीवर उभी होते.

बर्फ गोठवायला तिथे अमोनिया वायू वापरतात. तो गळला की आधी डोळे चुरचुरतात, मग श्वास कोंडतो. म्हणून जागोजागी सेन्सरचे डबे असतात. गळती झाली की ऑफिसात अलार्म वाजतो. पण आदल्या दिवसापासून ऑफिसातली स्क्रीन रिकामी होती.

"मग गळती कळणार कशी?" मी मालकांना, अंतोनकाकांना विचारलं.

"बाला बसलाय ना. वास आला की ओरडंल."

बाला मशीनरूमच्या दारात स्टुलावर बसला होता. त्याला सणकून सर्दी झाली होती.

कंपनीने सगळे डबे स्वतःच्या खास केबलने माळेसारखे एकामागे एक जोडले होते. खाऱ्या हवेने एकाचा प्लग गंजला आणि सगळी माळ बंद पडली. तो प्लग फक्त त्याच कंपनीकडे मिळायचा, आणि कंपनीकडे तो नव्हता. परदेशातून येईल म्हणाले. कधी, ते कोणी सांगेना.

वैतागून मी डब्याचं झाकण उघडलं. आत चक्क इथरनेटचा पोर्ट. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला केबल लावतो, तोच. पुन्हा फोन.

"हा पोर्ट चालतो?"

"चालतो, पण आम्ही रेकमेंड करत नाही."

"का?"

"त्याला आमचा कंट्रोल पॅनल विकत घ्यावा लागत नाही ना, मॅडम."

मी फोन ठेवला आणि काकांना म्हणाले, आपण ही साधी इथरनेटची वायरच टाकू.

"पन ही साधी वायर यांच्या भारी वायरीपेक्षा चांगली कशी?" काकांनी विचारलं.

"चांगली होती म्हणून नाही पसरली ती जगभर, काका. सुरुवातीला तर सगळी मशीनं एकाच वायरीवर. दोन एकदम बोलली की दोघांचं बोलणं वाया, मग जरा थांबून पुन्हा बोलायचं. टोकन रिंग म्हणून दुसरी पद्धत होती. तिच्यात पाळीपाळीने बोलायचं, शिस्तीत. पण तिचे पार्ट मोजक्याच कंपन्या बनवायच्या, तेही महाग. इथरनेटचे नियम सगळ्यांना खुले होते. बनवणारे वाढले, भाव उतरले. मग ते टेलिफोनसारख्या स्वस्त वायरीवर चालायला लागलं. मधे स्विच नावाची वायरी जोडणारी पेटी आली, प्रत्येक मशीनला वेगळी वायर मिळाली आणि टकरी संपल्या."

"मासळीच्या लिलावाला एकच व्यापारी आला का आमचं होतं, तसं या कंपनीचं."

"तसंच. आता वॉरंटी सांभाळायची की माणसं?"

काका बालाकडे बघून म्हणाले, "घाल तुझी वायर."

स्टेशनजवळच्या दुकानातून स्विच, केबल, प्लग आणले. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. प्लास्टिकच्या पाइपातून प्रत्येक डब्याची वायर वेगळी ऑफिसात नेली. टेस्टचा जरासा वायू एकेका सेन्सरजवळ सोडला. दर वेळी ऑफिसात अलार्म कोकलला. बालाला मी घरी पाठवलं.

पुढे एकदा बर्फाच्या गाड्याखाली एक वायर तुटली. तेवढा एकच डबा बंद पडला, बाकीचे चालू राहिले. संध्याकाळच्या आत नवी वायर बसली. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

तेव्हापासून कोणी नवी सिस्टीम दाखवायला आलं, की मी एवढंच विचारते: तुमची कंपनी उद्या बंद पडली, तर हिचा प्लग कुठे मिळेल? निम्मे लोक तिथेच बॅग आवरतात.