भाकरमावशीचं उत्तम

भाकरमावशी देवाशी भांडायची. प्रार्थनेला गुडघे टेकले की आधी तक्रार, "काहून रे बापा, हात देल्ले अन् वाताचे देल्ले?" मग आमेन.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं लहानसं मिशनचं देऊळ होतं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि देवळाचा गोऱ्या साहेबांच्या मर्जीनं. महिन्यातून एकदा येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटून खायची, त्या प्रभुभोजनाला मात्र ज्वारीची भाकर, आणि तीही मावशीच्याच हातची. त्या सकाळी ती चूल सारवून, कुणाशी न बोलता भाकर थापायची. पुढे वातानं बोटं वाकडी झाली. भाकर कुठे जाड, कुठे करपलेली. "जीव लावून थापली, आता करपली त मी काय करू?" म्हणायची आणि पदराखाली झाकून आणायची.

उपासना चालवायला नवे पाळक आले, त्यांना ती भाकर खुपली. साहेब पाहणीला येणार म्हणून त्यांनी बेकरीतला पाव आणवला, त्याचे सारखे चौकोनी तुकडे केले. मावशीला दारातच म्हणाले, "मावशी, देवाला उत्तमच द्यावं."

"माह्यानं होते थे माहं उत्तमच हाय! पाववाल्याचं उत्तम तुमी देता, मंग मी काय देऊ?"

पाळक हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते. बायबलातल्या गरीब विधवेनं होतं नव्हतं ते म्हणून देवाला वाहिलेल्या दमडीवर तासभर उपदेश झोडणारा माणूस तो!

साहेब येऊन गेले तरी पावच चालू राहिला. मावशी हट्टाची. दर महिन्याला भाकर आणायची, मागे बसायची, पावाला हात लावायची नाही आणि भाकर तशीच घरी न्यायची. मी तिची शेजारीण. समजवायला गेले, "घ्या हो तो पाव, प्रभूचाच आहे," तर माझ्यावरच कडाडली, "मले शिकवू नको! त्यानं माही भाकर घेतली त मी त्याचा पाव घेईन."

पावसाळ्यात तिनं अंथरूण धरलं. पाळक प्रभुभोजन द्यायला घरी येणार हे कळल्यावर तिनं माझ्याकडून चूल पेटवून घेतली, अंथरुणाशी परात ओढली आणि कशीबशी एक भाकर थापली. पाळक आले ते पाव घेऊनच. मावशीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी पुन्हा पुढे केला, तिनं ओठ मिटले. माझं डोकंच फिरलं. टोपल्यातली भाकर उचलून मी त्यांच्या तबकात आदळली.

"मोडा," म्हटलं. "जाताना तरी तिला उपाशी धाडू नका."

त्यांनी ती मोडली, आशीर्वाद मागितला, एक तुकडा तिला भरवला, एक स्वतः खाल्ला. मावशी कितीतरी वेळ चावत राहिली.

"कच्ची रायली," ती पुटपुटली.

"चांगली आहे, मावशी," पाळक म्हणाले.

संध्याकाळी ती गेली. लोक मला सांगतात, पाळकांचं मन पालटलं, आता माफ कर. कशी करू? एवढं एक वाक्य त्यांना त्या दिवशी दारातही म्हणता आलं असतं.