कॅसेटीत नसलेलं उत्तर

भूतखेत, अंगात येणं, भास... हे सगळं रिकामटेकड्यांचं काम, असं मी आजवर तोंडावर सांगत आलो. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण डोकं ठिकाणावर हाय. तरी हे लिहितोय, कारण एका शिकलेल्या माणसानं मला येड्यात काढलं. तो राग अजून गेला न्हाई.

चौसाळ्यात एसटीडी बूथ नवे झालते तवाची गोष्ट. माझी सून सुनीता घरी राहून बीए करायची. रविवारी दुपारी शाळेच्या एका खोलीत टीव्हीवर तास असायचा. गेल्या साली ती अर्थशास्त्रात नापास झालती; औंदा विषय निघाला न्हाई तर शिकणं बंद, असं माझ्या पोरानं बजावलं होतं. मी सोबतीला जायचो. त्या अभ्यासकेंद्राचे सर सांगायचे, "तास पुण्याहून थेट चालू आहे. शंका आली की हा फोन उचला." पण आमच्यात सासऱ्यासमोर सून बोलत नसती. फोन तसाच पडून.

त्या रविवारी लग्नाची तिथ, दुसरं कोणी आलंच न्हाई. सर चहाला गेलते. टीव्हीतला मास्तर बोलता बोलता थांबला. म्हणाला, "मागं पदर घेऊन बसलेल्या ताई, तुमची शंका राहिली. विचारा."

मी फेटा सावरला. सुनीता माझ्याकडं बघंना. मग हळूच म्हणाली, "सर, भाव वाढला की लोक पेढे कमी घेतात, मग मीठ काहून कमी घेत न्हाईत?"

"आमटीत मिठाच्या जागी दुसरं काय घालाल, ताई?"

"...काहीच न्हाई."

"मग झालं तर. पर्यायी वस्तू नसली की मागणी हलत नाही."

सर आल्यावर मी हे सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. टीव्हीखालचं कपाट उघडून त्यांनी कॅसेट काढली. थेट-बिट काही नव्हतंच! वर्षभर फसवत होतं बेणं! कॅसेट पुन्हा लावली. त्या जागी मास्तर नुसतं पाणी पितो आन् फुडं जातो.

सर म्हणतात, "बाबा, भास झाला तुम्हाला. वय झालं आता."

"आन् हिलाबी झाला? हिचंबी वय झालं का?"

तर सुनीता उठून उभी राहिली... माझ्यासमोर. "सर, मिठाचं विचारा मला. पुस्तक वाचून वाचून कळलं नव्हतं." आन् तिनं घडाघडा सांगितलं. पुढं पेपरातबी लिहिलं, पास झाली.

कॅसेटीत ते उत्तर न्हाई. मला तर ते येतच नव्हतं. मग तिला सांगितलं कोणी? लई डोकं चालवलं, आजबी मला ठाऊक न्हाई. पण भास म्हणणाऱ्यानं आधी तेवढं सांगावं, मग माझ्या वयावर यावं.