डाव्या चपला खाणारा प्राणी

मंडी मोहल्ल्यात राहणाऱ्या माझ्या काकांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. राक्षस, पऱ्या, उडते घोडे असलं काही त्यांना खपत नाही. तरी ग्रंथालयात अद्भुतकथांच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन गेले. ते तिथं काय बोलतात ते मला ऐकायचं होतं.

ताडपत्रांपासून छापील पुस्तकांपर्यंत सगळं त्यांनी हात मागे बांधून, पेपर तपासल्यासारखं पाहिलं. एका काल्पनिक राज्याच्या नकाशापाशी थांबून "नदी डोंगर चढतेय," एवढंच म्हणाले. शेवटच्या दालनात पुठ्ठ्याचा भलामोठा ड्रॅगन टांगला होता.

"एवढ्या अंगाला हे पंख पुरतील काय?" काका त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाले. "सुम्ने उगाच लावलेत. हा कोंबडीगत नुसता टुणटुण उड्या मारेल."

शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती. बोलण्यावरून दोघं महाराष्ट्रातून नवीनच आलेले वाटत होते. तिचा चेहरा पडला.

"म्हणजे हा उडत नाही, आजोबा?"

काकांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दारातून मागच्या नकाशाकडे बघत राहिले.

"हा नाही उडत," काका घसा साफ करत म्हणाले. "पण तलकाडला एक खरा प्राणी आहे बघ. तिथं देवळं वाळूत बुडालीत, त्याच वाळूखाली राहतो. चपला खातो. फक्त डाव्या."

"डाव्याच का?"

"उजवी कडू लागते त्याला."

वडील हसतील असं मला वाटलं. ते गंभीर झाले. "आम्ही रविवारी तिकडेच चाललोय. काही काळजी घ्यावी लागते का?"

"चपला हातात धरायच्या. माझं नवीन लग्न झालेलं तेव्हा एक गेली. एक पाय अनवाणी घेऊन घरी आलो."

मुलांसाठी तिथं एका टेबलावर कागद आणि खडू ठेवले होते. मुलीनं बसून तो प्राणी काढला. पोटात चपला, बाहेर सहा पाय. तिथल्या बाईंनी ते चित्र कौतुकानं ड्रॅगनच्या खालीच चिकटवलं. काकांनी चष्मा सरकवून ते तपासलं आणि म्हणाले, "सहा पाय बरोबर. वाळूत तोल राहतो."

परतताना मी म्हटलं, "काका, ड्रॅगन खोटा आणि तुमचा तेवढा खरा?"

"ड्रॅगनचं गणित चुकलंय. माझ्या प्राण्याचं अजून कुणी मांडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते काकूला घेऊन परत गेले. मीही मागोमाग गेले, हे चुकवणं शक्यच नव्हतं. त्यांनी चित्र दाखवून सगळी हकीकत सांगितली. काकूनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पण तुम्ही तर म्हणाला होता," ती म्हणाली, "चप्पल बसमध्ये राहिली."

काका तोवर नकाशातल्या नदीपाशी पोचले होते.