फ्रीझरमधला ज्वालामुखी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका थंड डोक्याचा चक्रम अख्ख्या चंदीगडात दुसरा सापडायचा नाही. सरकारी नोकरीत जन्मभर दगड फोडून निवृत्त झालेले हे भूवैज्ञानिक. उमेदीच्या काळात एकदा ते बोटीनं पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला गेले, बर्फानं झाकलेल्या एका ज्वालामुखीचं दर्शन घेतलं आणि रीतसर परवानगीनं तिथला नारळाएवढा काळा दगड घेऊन परतले. दुसऱ्या कुणी तो शोकेसमध्ये ठेवला असता. काकांनी फ्रीझरमध्ये ठेवला. "बर्फातला जीव आहे तो. इथल्या जूनमध्ये घेरी येईल त्याला!" बर्फाच्या ट्रेची जागा त्यानंच अडवल्यामुळे पाहुण्यांना सरबत कायम कोमट मिळे.

चंदीगडवर त्यांचा राग एवढाच, की सगळं शहर गाळावर वसलंय. "सेक्टर आखले चौकोनी, पण खाली धड कातळ नाही! आपण मराठी माणसं लाव्हावर वाढलेली," हे ते सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर रिक्षावाल्यालाही हिंदीतून ऐकवत. तो म्हणे, "वो सब ठीक है अंकलजी, जाना कहाँ है?"

संक्रांतीला तर कहर. मराठी मंडळाचे तिळाचे लाडू त्यांच्याकडेच होत. काकूंनी गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, की हे धावलेच. "हेच! तापलेला लाव्हा बर्फाला भिडला की असाच थिजतो, काळी काच होते त्याची!" व्याख्यान संपेपर्यंत पाक पुढे जाई आणि लाडू त्या दगडाच्या जातीचे होत. मंडळाच्या अध्यक्षांची दाढ अशाच एका लाडवात गेली. त्यानंतर ते काकांशी कधी गोड बोलले नाहीत.

काकूंचं मागणं एकच होतं. थंडीत मटार स्वस्त झाले की सोलून वर्षभराचे भरून ठेवायचे. "अहो, फ्रीझर माझा की त्या ज्वालामुखीचा?" काकांचं उत्तर ठरलेलं, "अगं, मटार दरवर्षी येतात." मग काकू बिचाऱ्या एखादी पिशवी दगडाच्या बाजूला कशीबशी कोंबत.

यंदा थंडी सरता सरता काकू गेल्या. काकांचं व्याख्यानही बंद झालं, आणि कधी नव्हे ते मला त्याची आठवण येऊ लागली.

जूनमध्ये एका दुपारी वीज गेली. काका धापा टाकत जिना चढून आले, हातात थर्माकोलचा डबा. "तुझा फ्रीज इन्व्हर्टरवर चालतो ना? हे आधी आत ठेव."

मी ज्वालामुखीसाठी जागा करायला घेतली. झाकण उघडलं, तर आत मटार. काकूंनी सोलून भरलेली शेवटची पिशवी.

"आणि दगड?" मी विचारलं.

"आहे खिडकीत," काका म्हणाले. "त्याला काही होत नाही."