अप्पांचं मिश्रण

अप्पांना जाऊन आठ महिने झाले होते, आणि रोज दुपारी चारला ते घरी यायचे, असं आईचं म्हणणं. आईला डोळ्यांनी दिसत नाही. तिला त्यांच्या पाइपाचा वास यायचा. "आले गं," म्हणायची आणि ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीकडे तोंड वळवायची. मला कसला कपाळाचा वास येतोय!

खरं सांगते, भीती नाही, मला राग यायचा. शेवटपर्यंत उशापायथ्याशी बसले मी, आणि हे येतात आईकडे? एकदा, फक्त एकदा मला तो वास हवा होता.

आईची वर मल्लिनाथी चालायची. "आज नुसती व्हर्जिनिया तंबाखू ओढतायत. रागावलेत कुणावर तरी."

शेवटी मी त्यांचे तंबाखूचे चार डबे खाली काढले. निलगिरीच्या चहामळ्यात नोकरीला असताना अप्पांना हा नाद लागला. चार तंबाखू स्वतः मिसळायचे, प्रमाण कुणाला सांगितलं नाही. पन्नाशीची बाई पाइप ओढायला शिकतेय हे कुंभकोणमात आमच्या गल्लीत कळतं, तर संपलंच होतं! म्हणून अप्पांचा पाइप घेऊन मी मागे विहिरीपाशी बसायचे. व्हर्जिनियाला सुक्या गवताचा गोडवा, पण घाई केली की जीभ भाजते. बर्ली म्हणजे भाजलेल्या शेंगांची टरफलं. पेरिक आंबूस, मनुकेसारखी, नाकाला मिरीसारखी झोंबणारी. आणि काळी लताकिया, नुसता लाकडाचा धूर. अप्पांना स्मशानात पोचवून आलेल्या भावाच्या कपड्यांना अगदी असाच वास होता. तो वास आला त्या दिवशी मी पाइप खाली ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही.

मग रोज मिश्रण करायचं, पेटवायचं, आईपुढे धरायचं. "लताकिया फार झाली." "बर्ली कुठाय?" कधी चुकली नाही म्हातारी. "तुज घाई फार," हे वर.

एका दुपारी मात्र तिने तोंड आधी माझ्याकडे, मग खुर्चीकडे वळवलं. मग म्हणाली, "आज दोन पाइप चालू आहेत."

मी वळून बघितलं. खुर्ची रिकामी होती.

"दोन्ही एकसारखे?" मी विचारलं.

"तुझ्यात पान नाही. तंबाखू सुकू नये म्हणून ते डब्यात कोवळं विड्याचं पान ठेवत. तुज ठाऊक नाही? आणि तुझा विझला बघ."

मी हातात बघितलं. खरंच विझला होता.

घरात पान खाणारे एकटे अप्पा. ते गेल्यापासून पानवाल्या बाईला मीच नको म्हणून सांगितलं होतं. आणि चारही डबे त्याच सकाळी मी तळापर्यंत उपसून पुन्हा भरले होते. तरी उठून एकेक उघडत गेले. लताकियाच्या डब्यात, अगदी वर, पान होतं. पोपटी, देठ नुकता खुडलेला. घाबरले, खोटं कशाला बोलू?  तसाच डबा नाकाशी धरला. धूर, आणि धुराखाली हिरवं, तिखट, ओलं काहीतरी. अप्पांच्या सदऱ्याच्या खिशाचा वास. मी तिथेच ढसाढसा रडले.

"मिळाला?" आईने विचारलं.

"मिळाला."

"मग खुर्ची आत घे. निघाले ते. तुझ्यासाठीच थांबले होते."

दुसऱ्या दिवशी चारला मी आईला कॉफी दिली. ती ओट्याकडे तोंड करून बसली, पण 'आले गं' म्हणाली नाही. अजूनही म्हणत नाही.