शामरावांची शाई

“शाई कोन्या कंपनीची हाय, हे कागद इचारत नाही बाप्पा,” असं शामराव म्हणाले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे हे गुढियारी वस्तीतले शेजारी घरच्या प्रिंटरमध्ये नेहमी दुसऱ्याच कंपनीची स्वस्त कार्ट्रिज घालत आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्यांना कागद छापून देत. त्यांचं पाहून मीही तेच करू लागलो.

आई गेल्यानंतर घरी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या सकाळी माझ्या प्रिंटरनं ती कार्ट्रिज नाकारली. आदल्या दिवशी मी त्याला अपडेट होऊ दिलं होतं. दुकानं बंद होती, पाहुणे यायला लागले होते आणि बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला आईचा फोटो नव्हता. शामराव स्वतःचा प्रिंटर कडेवर घेऊन आले.

“याले मी इंटरनेट दाखवतच नाही. शिकला का नखरे करते.”

पहिल्या छपाईत आई निळसर आली. “चालेल, काका,” मी म्हणालो.

“काहून चालंल? कांताबाई अशी होती का?”

त्यांनी प्रिंटरचं हेड साफ करून पुन्हा छापलं. आता आईचा सावळा, उन्हानं रापलेला चेहरा उमटला. माझे हात आपोआप जोडले गेले. शामरावांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, फोटो माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि प्रिंटर पुन्हा कडेवर घेऊन ते निघून गेले.